ज्या रस्त्यांची गावांना लाज वाटायची

एखाद्या गावातून 'पॅरिस-रूबे' जाणार असं ठरलं की तिथला मेयर आधी रस्त्यावर डांबर टाकून घ्यायचा. ही गोष्ट 1960 आणि 1970 च्या दशकांतली, उत्तर फ्रान्समधली. मेयर म्हणजे त्या खेड्याचा सरपंचच. शर्यतीमागे टीव्हीचे कॅमेरे येत, वर हेलिकॉप्टर घिरट्या घाली, रविवारी दुपारी अख्खा देश टीव्हीपुढे बसे. आणि त्या देशाला दिसे काय, तर आपल्या गावाचा जुनापुराणा दगडी रस्ता, त्यातला चिखल आणि त्या चिखलात आडवे पडलेले सायकलस्वार. बाकीच्या फ्रान्समध्ये गुळगुळीत महामार्ग होत असताना आपणच तेवढे मागासलेले दिसतो, याची गावांना लाज वाटे. म्हणून डांबर.

आणि त्या डांबरामुळे जगातली एक थोर शर्यत संपायला आली होती.

गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला ही लाज समजावून सांगावी लागत नाही. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या पांदणीवर बंडीचं चाक आसापर्यंत रुततं. पावसाळ्यात आजारी माणसाला खाटेवर घालून डांबरी सडकेपर्यंत आणणं काय असतं, हे इथल्या जुन्या पिढीने भोगलेलं आहे. 25 डिसेंबर 2000 ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, त्यानंतर कितीतरी गावांना बारमाही रस्ता मिळाला, आणि तरी शेताच्या पांदणीसाठी ग्रामसभांमधून अजून भांडावं लागतं. त्यामुळे फ्रान्सच्या त्या मेयरांना या गोष्टीतले खलनायक ठरवायला माझं मन घेत नाही. ते आपल्या लोकांसाठी जे मागत होते, ते मागायलाच हवं होतं. पण ज्यांनी त्यांच्या विरुद्ध बाजूने, दगडच हवेत असा हट्ट धरला, तेही बरोबर होते. मला या शर्यतीचा इतिहास मोलाचा वाटतो तो यासाठी.

पॅरिस-रूबे ही एका दिवसाची व्यावसायिक सायकल शर्यत. टूर द फ्रान्ससारखी तीन आठवडे चालत नाही. सकाळी निघायचं, अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर तुडवायचे, संध्याकाळी निकाल. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. तिथे माणसाचा कस चढावर लागतो. पॅरिस-रूबेच्या वाटेवर सांगण्यासारखा एकही घाट नाही. मुलूख सपाट, शर्कराकंदाच्या शेतांचा आणि कोळशाच्या खाणींचा. कस लागतो तो दगडांवर. भाकरीएवढ्या आकाराचे घडीव दगड चिकणमातीवर शेजारी शेजारी ठोकून बसवलेले, मध्ये फुगीर आणि दोन्ही कडांना उतरते. या चिकट जमिनीत पावसाळी दिवसांत कंदांनी भरलेल्या गाड्या रुतू नयेत म्हणून जुन्या लोकांनी केलेली ती सोय. म्हणजे खरं तर पांदणच, फक्त दगडाने बांधलेली.

शर्यत सुरू केली ती दोन गिरणीमालकांनी. रूबे हे बेल्जियमच्या सीमेला लागून असलेलं लोकरीच्या गिरण्यांचं शहर. तेओदोर व्हिएन आणि मोरीस पेरेझ या सूतगिरणीवाल्यांनी 1895 मध्ये तिथे सायकल शर्यतींसाठी एक गोल धावपट्टी, म्हणजे व्हेलोड्रोम, बांधला. स्टेडियम तर झालं, पण राजधानीपासून इतक्या लांब नावाजलेले सायकलपटू कसे आणायचे? त्यांनी पॅरिसच्या 'ल व्हेलो' या क्रीडा-दैनिकाला पत्र लिहिलं: पॅरिसहून निघून आमच्या व्हेलोड्रोममध्ये संपणारी शर्यत घ्या. तेव्हा बोर्दो-पॅरिस ही सुमारे सहाशे किलोमीटरची शर्यत सर्वांत मोठी मानली जाई. तिच्या तयारीसाठी ही छोटी शर्यत बरी, असं पत्राचं म्हणणं होतं. 280 किलोमीटर 'छोटे' मानणारा तो काळ होता.

वर्तमानपत्राने व्हिक्टर ब्रेये या बातमीदाराला रस्ता पाहायला पाठवलं. आमियँपर्यंत तो मोटारीतून गेला आणि पुढे सायकलवर निघाला. थंडी, पाऊस, दगड आणि चिखल यांनी त्याचे असे हाल झाले की, सांगतात, रूबेला पोहोचल्यावर ही शर्यत रद्द करा अशी तार करायचं त्याने ठरवलं होतं. पण रात्री गरम जेवण आणि यजमानांची सोबत मिळाली आणि त्याचं मत फिरलं. तार गेली नाही.

19 एप्रिल 1896 ला पहिली शर्यत झाली. नाव नोंदवलेल्यांतले निम्मे लोक सुरुवातीला आलेच नाहीत. पहिलं बक्षीस 1000 फ्रँक होतं, खाणकामगाराच्या सात महिन्यांच्या मजुरीइतकं. जिंकला योझेफ फिशर हा जर्मन, 9 तास 17 मिनिटांत. त्याच्यानंतर दुसऱ्या जर्मनाला ही शर्यत जिंकायला 2015 साल उजाडावं लागलं. तिसरा आला तो मोरीस गारँ. इटलीत जन्मलेला, लहानपणी धुराडी साफ करणारा हा ठेंगणा माणूस पुढची दोन वर्षं, 1897 आणि 1898, ही शर्यत जिंकला, आणि 1903 ची पहिली टूर द फ्रान्सही त्याचीच. त्या काळी स्पर्धकापुढे वारा अडवायला वेगळे सायकलस्वार, जोडसायकली, पुढे तर मोटारीही धावत. 1910 पासून ते पूर्ण बंद झालं आणि माणूस आपल्या बळावर उरला.

पहिल्या महायुद्धाने या शर्यतीचे विजेतेच गिळले. 1909, 1910 आणि 1911 अशी लागोपाठ तीन वर्षं जिंकलेला ऑक्ताव्ह लापीझ लढाऊ वैमानिक झाला आणि 14 जुलै 1917 ला पडला. 1913 चा विजेता फ्राँस्वा फाबेर मे 1915 मध्ये रणांगणावर मारला गेला. 1912 आणि 1914 चा विजेता शार्ल क्रुपलाँ हा रूबेचाच पोरगा. तो परतला, पण त्याची कारकीर्द संपली ती संपलीच. आज शर्यतीचा शेवटचा दगडी तुकडा त्याच्या नावाने आहे. मधली चार वर्षं आघाडीची रेषा या शर्यतीच्या रस्त्यांवरूनच गेली होती.

युद्धबंदीनंतर पाच-सहा महिन्यांत, 1919 च्या वसंतात, शर्यत पुन्हा घेता येईल का हे बघायला काही मंडळी मोटारीने निघाली. त्यांच्यासोबत यूजेन क्रिस्तोफ हा जुना सायकलपटूही होता. पॅरिसपासून थोडं अंतर सगळं ठीक दिसलं. पुढे उत्तरेत शिरल्यावर झाडांचे बुंधेच उरलेले, घरांच्या जागी विटांचे ढीग, तोफगोळ्यांचे खड्डे, खड्ड्यांत सडकं पाणी, जनावरांची प्रेतं आणि ओळीने क्रूस. 'लोतो' या दैनिकाने त्या प्रदेशाला उत्तरेचा नरक म्हटलं. हे नाव पुढे दगडांना चिकटलं, पण ते मुळात दिलं होतं युद्धाने उजाड केलेल्या गावांना. शर्यतीचं वर्णन करताना हे विसरलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतो.

त्या वर्षी 20 एप्रिलला शर्यत झालीच. आँरी पेलिसिए 12 तास 15 मिनिटांनी जिंकला. ताशी 23 किलोमीटरही वेग पडला नाही. इतकी संथ पॅरिस-रूबे त्याआधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही. शेवटच्या टप्प्यात रेल्वेच्या फाटकावर गाडी उभी होती. पेलिसिए आणि त्याचे सोबती डब्याचं दार उघडून सायकलींसकट आत चढले, पलीकडच्या दाराने उतरले आणि पुढे निघाले.

दोन युद्धांमधल्या वर्षांवर फार रेंगाळण्याची गरज नाही. बेल्जियमचे लोक पुष्कळ जिंकले. 1934 मध्ये रोजे लापेबी पहिला आला, पण त्याने वाटेत दुसऱ्याची सायकल घेतली होती म्हणून तो बाद ठरला. जर्मन ताब्यातही 1943 पासून शर्यत पुन्हा सुरू झाली. 1949 चा घोटाळा मात्र सांगायला हवा. आंद्रे माए आणि त्याचे दोन सोबती सर्वांच्या पुढे होते. व्हेलोड्रोमच्या तोंडाशी त्यांना चुकीच्या बाजूला वळवलं गेलं. ते पत्रकारांच्या दारातून कसेबसे आत शिरले, माए जिंकला, त्याला पुष्पगुच्छ मिळाला. मागून आलेल्या घोळक्यात पहिला होता सेर्से कोप्पी, इटलीच्या महान फाउस्तो कोप्पीचा धाकटा भाऊ. माए ठरलेल्या मार्गाने आलाच नाही, असा आक्षेप आला. निकाल फिरला, पुन्हा फिरला, आणि अखेर नोव्हेंबरमध्ये दोघांनाही विजेता ठरवण्यात आलं. पुढच्या वर्षी थोरला फाउस्तो आला आणि शेवटचे सुमारे 45 किलोमीटर एकटा पुढे जाऊन जिंकला. त्या विजयावर कुणालाच काही बोलता आलं नाही.

आता डांबराकडे येतो.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत पॅरिस-रूबेला खराब रस्ते शोधावे लागत नसत. ती सरळ राष्ट्रीय मार्गाने जाई, आणि उत्तरेत तो मार्गच दगडी असे. सायकलस्वार तर उलट, जमेल तिथे कडेच्या पायवाटेवर चढून दगड टाळायचे. युद्धानंतर फ्रान्स नव्याने बांधायला घेतला गेला. मोटारी वाढल्या, मालवाहतूक वाढली, आणि एकेक मार्ग गुळगुळीत झाला. 1955 मध्ये आयोजकांनी पहिल्यांदा मुख्य रस्ता सोडून मॉन्स-आँ-पेव्हेलच्या बाजूच्या आडवाटा धरल्या. त्याही हळूहळू डांबरल्या गेल्या. 1964 मध्ये पीटर पोस्ट हा डच ताशी 45.129 किलोमीटर वेगाने जिंकला. वाऱ्याची साथ होती, त्याच्या पायांत बळही होतं. पण एवढा वेग होऊ शकला, कारण दगड उरले नव्हते. तो विक्रम 2017 पर्यंत टिकला, यातच सगळं आलं. दशकाच्या मध्यावर अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर जेमतेम वीस-बावीस किलोमीटर दगडी रस्ता शिल्लक होता. 1967 मध्ये घोळकाच्या घोळका व्हेलोड्रोमपर्यंत एकत्र आला आणि यान यान्सन शेवटच्या धावेत जिंकला. दगडांनी कुणालाही मागे टाकलं नव्हतं. अशा तर युरोपात डझनभर शर्यती होत्या.

संचालक झाक गोदे यांनी मार्ग शोधण्याचं काम अल्बेर बूव्हे यांच्यावर सोपवलं. बूव्हे स्वतः सायकलपटू. 1956 ची पॅरिस-टूर शर्यत त्यांनी जिंकली होती. उत्तरेकडे दगड मिळेनासे झाले तर शर्यत व्हॅलेंसिएनलाच संपवावी लागेल, अशी भीती ते बोलून दाखवत. त्यांनी नकाशा पूर्वेकडे, खाणींच्या पट्ट्याकडे सरकवला आणि तिथल्या माहीतगाराला विचारलं. तो माहीतगार म्हणजे झाँ स्टाब्लिंस्की.

या माणसापाशी थोडं थांबायला हवं. तो पोलंडहून खाणकामासाठी आलेल्या कुटुंबातला, मूळ आडनाव स्टाब्लेव्स्की. चौदाव्या वर्षीच तो कोळशाच्या खाणीत उतरला. खाणीतून बाहेर पडण्याची वाट त्याला सायकलने दाखवली. 1962 मध्ये तो विश्वविजेता झाला; फ्रान्सचा राष्ट्रीय विजेता तर चारदा. वालेर गावाजवळच्या आरेनबेर्गच्या जंगलातून जाणारी एक सरळसोट दगडी वाट त्याला ठाऊक होती, कारण तिच्याच खाली, जमिनीच्या पोटात, त्याने काम केलं होतं. 2400 मीटर लांब, दोन्ही बाजूंना झाडांच्या भिंती, सावलीमुळे कायम ओल, दगडांवर शेवाळ, आणि खाणींमुळे जमीन जागोजागी खचलेली. नेपोलियनच्या काळात ती वाट घातली गेली, असं तिथले लोक सांगतात. बूव्हेंनी तिची छायाचित्रं गोदेंपुढे ठेवली तेव्हा, मी दगडी रस्ते मागितले होते, खड्डे नव्हेत, असं ते म्हणाल्याची आठवण सांगितली जाते. तरीही वाट घेतली गेली.

1968 मध्ये शर्यत पहिल्यांदा आरेनबेर्गमध्ये शिरली. ज्या वाटेखाली आपण कोळसा खणला तिच्यावरून शर्यत खेळलेला एकमेव माणूस, अशी स्टाब्लिंस्कीची ओळख झाली. 2007 मध्ये तो वारला. त्या वाटेच्या तोंडाशी त्याच्या नावाचा दगडी स्तंभ आहे.

नव्या मार्गावरची पहिली शर्यत एडी मर्क्स जिंकला. वय 22, अंगात विश्वविजेत्याचा इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी. इतिहासात क्वचितच माणूस आणि रस्ता असे एका वेळी वयात येतात. दोनच वर्षांनी, 1970 मध्ये, तोच मर्क्स टायर पंक्चर होऊनही पुढे गेला आणि दुसऱ्याला 5 मिनिटं 21 सेकंदांनी मागे टाकून आला. 1967 मध्ये जिथे घोळका आला होता, त्याच व्हेलोड्रोममध्ये आता एकटादुकटा चिखलाचा पुतळा शिरू लागला. गोदे आणि बूव्हेंना हवं होतं ते हेच.

दगडांवर सायकल कशी चालवतात, याचं शास्त्र आहे. वेग कमी केला की हादरे वाढतात, म्हणून जड गिअर लावून जोरात जायचं. बसायचं थोडं मागे सरकून. हँडल वरच्या बाजूला धरायचं, पण मूठ ढिली ठेवायची. आवळून धरलं की तळहाताला फोड येतात आणि सायकल ऐकत नाही. वाटेचा मधला फुगीर कणा धरायचा. कडेला माती सापडली तर मोह होतो, पण टायर फुटतो तो तिथेच. टायर नेहमीपेक्षा जाड आणि हवा नेहमीपेक्षा कमी, चाकाला तारा जास्त. कोरड्या दिवशी धूळ घशात जाते, ओल्या दिवशी पुढचा माणूस कुठे पडला तेही दिसत नाही. आणि हे एकदा नव्हे, तर पन्नास किलोमीटरहून जास्त, तुकड्यातुकड्यांनी, तेही शंभरेक किलोमीटर पाय मारून झाल्यावर.

ही विद्या पुरती आत्मसात केली ती बेल्जियमच्या रॉजर द व्लॅमिंकने. 1972, 1974, 1975 आणि 1977 अशी चारदा तो जिंकला. तो चिखलातल्या सायक्लो-क्रॉस शर्यतींत वाढलेला. दगडांवर त्याचं वरचं अंग हलतच नसे. मर्क्स माणसं मोडून जिंकायचा, द व्लॅमिंक रस्ता वाचून. मला स्वतःला द व्लॅमिंक अधिक भावतो, कारण तो रस्त्याशी भांडत नाही. 1976 ची शर्यत डॅनिश दिग्दर्शक योर्गन लेथ यांनी अनेक कॅमेरे लावून चित्रित केली. 'अ संडे इन हेल' या त्या माहितीपटात मर्क्स, द व्लॅमिंक आणि इटलीचा फ्रान्चेस्को मोझेर, तिघेही दिसतात, आणि जिंकतो चौथाच, मार्क डेमेयर. मोझेरची वेळ नंतर आली: 1978, 1979, 1980, लागोपाठ तीनदा.

1966 पासून शर्यत पॅरिसमधून सुटणं बंद झालं. आधी शाँतीयी आणि 1977 पासून काँपिएन्य. नाव पॅरिसचंच राहिलं. त्याच 1977 मध्ये विजेत्याला चषकाऐवजी एक दगड देण्याची प्रथा सुरू झाली. रस्त्यातला अस्सल दगड, पाटावर बसवलेला. ज्या दगडांची गावांना लाज वाटत होती, तोच दगड हातात घेऊन विजेता देशभराच्या कॅमेऱ्यांपुढे उभा राहू लागला.

फ्रेंच लोकांचं दुःख असं की त्यांची शर्यत त्यांचाच माणूस जिंकत नव्हता. 1956 मध्ये लुईझाँ बोबे जिंकला, त्यानंतर पाव शतक कुणी नाही. बेर्नार इनो टूर द फ्रान्स जिंकत होता, पण पॅरिस-रूबे त्याला मनापासून नावडती. 1981 मध्ये मात्र तो विश्वविजेत्याची जर्सी घालून आला. त्या जर्सीचा मान राखायचा तर पळ काढता येत नाही, ही त्याची समज. तो वाटेत पुन्हा पुन्हा पडला. शेवटच्या टप्प्यात एक काळं छोटं कुत्रं आडवं आलं आणि तो पुन्हा आपटला, उठला, पाठलाग करून पुढच्या गटात पोहोचला आणि व्हेलोड्रोममधल्या धावेत द व्लॅमिंक आणि मोझेर दोघांनाही हरवून जिंकला. जिंकल्यावरही त्याने या शर्यतीला निव्वळ मूर्खपणा म्हणायचं सोडलं नाही. पुढच्या वर्षी विजेता म्हणून यावंच लागतं, तेवढा आला, त्यानंतर नाही. नावडती गोष्टही कर्तव्य म्हणून पूर्ण ताकदीने करणाऱ्या या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

आणि या सगळ्या काळात मागे डांबराचं काम चालूच होतं. एका वर्षी सापडलेली वाट पुढच्या वर्षी गेलेली असे. आयोजक नकाशात नसलेल्या, सोडून दिलेल्या शेतवाटा शोधत फिरत. लीलचे मेयर पिएर मोर्वा, जे 1981 मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान झाले, त्यांनी तर या शर्यतीशी आपला काही संबंध नको, मदतही करणार नाही, असं सांगितल्याचं शर्यतीचे जुने कार्यकर्ते सांगतात. समाजवादी पक्षाचा, कामगारांच्या मुलखातला हा नेता. कोळशाच्या खाणी आणि गिरण्या बंद पडत होत्या, माणसं बेकार होत होती, आणि बाहेरच्या जगाला मात्र आपल्या मुलखाचा चिखलच हवा आहे, असं त्यांना वाटलं असेल तर त्यात नवल नव्हतं.

बदल घडवला तो स्थानिक सायकलप्रेमींनी. झाँ-क्लोद व्हालेस यांच्या पुढाकारातून 'पॅरिस-रूबेचे मित्र' ही संस्था 1980 च्या दशकात कामाला लागली. लोकांना डांबरी सडक नाकारा, असं त्यांनी म्हटलं नाही. गावं जोडणारे रस्ते गुळगुळीत होऊ देत, पण शेतांमधल्या या थोड्या वाटा आपला वारसा म्हणून राखू या, एवढंच त्यांचं म्हणणं. मग ही मंडळी फावडी घेऊन स्वतः रस्त्यावर उतरली. खचलेले दगड उपटायचे, खालची माती काढून वाळूचा थर द्यायचा, पाणी निघून जायला बाजूने चर काढायचा आणि दगड पुन्हा ओळीने ठोकायचे. परिसरातल्या उद्यानविद्या शिकणाऱ्या मुलांचेही हात या कामाला लागले. दुरुस्त केलेली वाट शर्यतीला उपयोगी पडतेच, पण वर्षाचे बाकीचे दिवस तिच्यावरून ट्रॅक्टर नीट जातो. मला या तोडग्याचं फार अप्रूप वाटतं, कारण त्यात शेतकऱ्याचं काही काढून घेतलं गेलं नाही.

1985 मध्ये मार्क माद्यो चिखलातून जिंकला. 1990 मध्ये एडी प्लांकार्ट आणि कॅनडाचा स्टीव्ह बाउर यांच्यात 265 किलोमीटरनंतर एक सेंटिमीटरही अंतर नव्हतं. छायाचित्र पाहून निकाल द्यावा लागला. 1993 मध्ये 38 वर्षांचा झिल्बेर द्यूक्लो-लासाल आठ सेंटिमीटरने जिंकला. 1998 मध्ये योहान म्युझेऊव्ह आरेनबेर्गमध्ये पडला, गुडघ्याची वाटी फुटली, जखम चिघळून पाय कापायची वेळ आली होती. 2000 मध्ये तो परत आला, जिंकला आणि रेषा ओलांडताना त्याने तोच पाय वर उचलून गुडघ्याकडे बोट दाखवलं. 2005 मध्ये जमीन फारच खचल्याने आरेनबेर्ग वगळावं लागलं. दुरुस्ती करून पुढच्याच वर्षी ते परत घेतलं गेलं. खाली कोळसा काढणारी खाण मात्र 1989 मध्येच बंद झाली होती. त्या प्रदेशाचा खाणपट्टा 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

संस्थेचे पुढचे अध्यक्ष आलाँ बेर्नार सांगत की एकेकाळी कोणतंही गाव शर्यतीला जवळ करायला तयार नसे, आणि आता मेयरच फोन करून विचारतात: आमच्याकडे दगडी वाटेचा आणखी एक तुकडा सापडलाय, घेता का? आज मार्गावर तीसेक दगडी तुकडे आहेत, एकूण पन्नास किलोमीटरहून जास्त. प्रत्येकाला क्रमांक आणि खडतरपणानुसार एक ते पाच तारे. त्रास वेगळाच झालाय: शौकीन लोक आठवण म्हणून दगड उपटून नेतात, आणि कार्यकर्त्यांना ती भोकं बुजवत फिरावं लागतं. आरेनबेर्गच्या दगडांमधलं गवत कमी करायला अलीकडे शेळ्याही सोडल्या जातात.

2 ऑक्टोबर 2021 ला याच वाटांवरून पहिल्यांदा बायकांची पॅरिस-रूबे झाली. पावसाने दगड निसरडे झाले होते. ब्रिटनची लिझी डायग्नन पहिल्याच दगडी तुकड्यावर पुढे निघाली आणि ऐंशीहून जास्त किलोमीटर एकटी पुढे राहून जिंकली. तिने हातमोजे घातले नव्हते. हँडलवरच्या पांढऱ्या पट्टीला तिच्या तळहाताचं रक्त लागलं होतं. तिलाही दगड मिळाला.